वारशात आलेला वेब सर्व्हर: अपाचीच साफ करायचा, एंजिनएक्सवर जायचं, की कॅडी घ्यायचा?

इकडे इंदूरला हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. परिस्थिती बहुतेक सारखीच असते. एका कोचिंग क्लासची साइट, एका नमकीनवाल्याचं ऑर्डर घ्यायचं पान, एखाद्या मराठी मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ, हे सगळं एकाच भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेलं, आणि ज्या मुलानं ते बसवलं तो केव्हाच पुण्याला नाहीतर बंगलोरला नोकरीला निघून गेलेला. मागे उरतो एक पासवर्ड आणि शेकडो ओळींची कॉन्फिग (म्हणजे सेटिंगांची फाइल), तिच्यात अर्ध्या ओळी हॅश लावून बंद केलेल्या आणि उरलेल्या चालू का आहेत हे विचारायला कुणी नाही. ज्याच्या गळ्यात हे पडतं त्याला आधी वाटतं की सगळं उपटून टाकावं, अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर प्रोग्रॅम) जुना झाला, त्याच कामाचा एंजिनएक्स घालू, नाहीतर कॅडी घालू म्हणजे दहा ओळींत काम होईल.

तिन्ही सर्व्हर चांगले आहेत, तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स. माझं मत आधीच सांगतो: साफ करणं हे एक काम आणि सर्व्हर बदलणं हे दुसरं काम, दोन्ही एका रात्रीत करू नका. कारण दुसऱ्या दिवशी एखादं पान उघडेनासं झालं की ते तुम्ही काढलेल्या ओळीमुळे बंद पडलं की नव्या सर्व्हरच्या वेगळ्या वागण्यामुळे, हे शोधण्यात आठवडा जातो आणि तोवर फोन तुम्हालाच येत राहतात. आणि कुठला सर्व्हर घ्यायचा हे स्पीडवर ठरवू नका, एवढ्याशा साइटला तिन्हींपैकी कुठलाही पुरून उरतो. दोन गोष्टी बघा. एचटीॲक्सेस फाइलींमध्ये (साइटच्या फोल्डरांत ठेवलेल्या अपाचीच्या छोट्या नियम-फाइली) किती नियम लपलेत, आणि तुमच्यानंतर हे सांभाळणार कोण.

आत्ता नक्की काय चालू आहे ते आधी बघा

कुठलाही पर्याय घ्या, ही पायरी चुकवता येत नाही. अपाची असेल तर अपाचीसीटीएल या कमांडला कॅपिटल एस देऊन चालवा, कुठलं डोमेन कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे आणि डिफॉल्ट कोण आहे, सगळी यादी येते. डिफॉल्ट कोण हे मुद्दाम बघा, कारण ज्या नावाची साइटच नाही अशी रिक्वेस्ट आली की अपाची ती त्या पत्त्यावरच्या पहिल्या व्हर्च्युअल होस्टला (एकेका साइटचा सेटिंग-ब्लॉक) देऊन टाकतो, आणि डेबियन-उबुंटूवर (हे लिनक्सचे प्रकार) फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात, म्हणून तर तिथे शून्य-शून्य-शून्य-डिफॉल्ट अशी फाइल असते. ती फाइल निरुपयोगी समजून कुणी काढली की पुढची साइट आपोआप डिफॉल्ट होते, मग कोचिंग क्लासच्या बंद झालेल्या सबडोमेनवर नमकीनचं पान दिसायला लागतं.

एंजिनएक्समध्ये हेच काम कॅपिटल टी करतं, आणि इथे एंजिनएक्स स्पष्ट पुढे आहे. सगळ्या इन्क्लूड केलेल्या फाइली उलगडून पूर्ण कॉन्फिग एका दमात समोर ओततो, ती एका फाइलमध्ये साठवून शांतपणे वाचता येते. कॅडीमध्ये ॲडॅप्ट म्हणून कमांड आहे, ती तुमच्या छोट्या कॅडीफाइलचं खरं मोठं जेसन रूप (कॅडी आतून वापरतो ती मांडणी) दाखवते. अपाचीची पंचाईत अशी की मुख्य फाइली दिसतात पण साइटच्या फोल्डरांमध्ये विखुरलेल्या एचटीॲक्सेस त्या यादीत येत नाहीत, त्या फाइंड कमांड लावून वेगळ्या शोधाव्या लागतात. शोधाच, आणि प्रत्येकीची कॉपी काढून ठेवा.

मग कॉन्फिगचा अख्खा फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) घाला, नाहीतर एटकीपर बसवा, तो पूर्ण ईटीसी फोल्डर (लिनक्समध्ये सेटिंगा इथे असतात) गिटमध्ये ठेवतो. फक्त सर्टिफिकेटची खाजगी किल्ली असलेल्या फाइली बाहेर कुठे पुश होणार नाहीत हे बघा. आणि काहीही बदलायच्या आधी आहे त्या कॉन्फिगची टेस्ट चालवून बघा. बऱ्याचदा आधीच्या माणसानं फाइलमध्ये बदल केलेला असतो पण रीलोड (सर्व्हरला कॉन्फिग परत वाचायला लावणं) केलेलं नसतं, म्हणजे चालू आहे ते वेगळं आणि डिस्कवर आहे ते वेगळं, आणि मशीन रीस्टार्ट झालं की त्या दिवशी ते फुटतं. हे तुम्ही हात लावायच्या आधी कळलेलं बरं.

लॉगही (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) आधी सुधारा. अपाचीच्या लॉग फॉरमॅटमध्ये टक्का आणि छोटा व्ही टाकला की प्रत्येक ओळीत साइटचं नाव येतं, एंजिनएक्समध्ये होस्ट व्हेरिएबल टाका. मग निदान एक महिना जाऊ द्या. महिना का, तर कोचिंगच्या फीचं पान महिन्यातून एकदाच उघडतं, मंडळाचं वर्गणीचं पान गणपतीच्या आधीच उघडतं, आठ दिवसांच्या लॉगवरून तुम्ही म्हणाल हे कुणी वापरतच नाही. त्या लॉगमधून सगळे पत्ते आणि त्यांचे स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा आकडा, जसं ४०४ म्हणजे पान नाही) यांची एक यादी काढून ठेवा. पुढे कुठल्याही बदलानंतर हीच यादी कर्लनं (कमांडवरून पत्ता उघडणारं साधन) परत चालवायची आणि कोड जुळतात का बघायचं. माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात मोलाची वस्तू ही यादी आहे, नवा सर्व्हर नाही.

पर्याय पहिला: अपाची आहे तिथेच साफ करणं

वारशातल्या बहुतेक अपाचीमध्ये तेच ते चार-पाच प्रकारचे गुंते असतात. पहिला म्हणजे जुनी परवानगीची भाषा. अपाची २.४ आला २०१२ साली, तेव्हापासून ऑर्डर, अलाऊ, डिनाय ही पद्धत जाऊन रिक्वायर आलं, पण जुनी पद्धत ॲक्सेस-कॉम्पॅट मॉड्यूलवर (मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला जोडायचा भाग) अजून चालते, त्यामुळे लोकांनी २.२ च्या काळातल्या ओळी तशाच पुढे ओढल्या आणि वर नव्या घातल्या. दोन्ही मिसळल्या की शेवटी कुणाला आत सोडलं जातंय हे वाचून कळत नाही, अपाचीच्या स्वतःच्या कागदपत्रांतही मिसळू नका असंच सांगितलंय. एकेक साइट घेऊन सगळं रिक्वायरमध्ये लिहा, आणि शेवटची जुनी ओळ गेली की ते कॉम्पॅट मॉड्यूल बंद करा, म्हणजे परत कुणी जुनी ओळ चिकटवली तर टेस्टच अडवेल.

दुसरा गुंता इफ-मॉड्यूलचा, हा फार फसवा. त्यात असं लिहिलेलं असतं की अमुक मॉड्यूल असेल तरच या ओळी लागू कर, आणि मॉड्यूल नसेल तर अपाची एक शब्द न बोलता ते सगळं सोडून देतो. पीएचपी ५ च्या (साइट लिहायच्या भाषेची जुनी आवृत्ती) नावानं लिहिलेले असे ब्लॉक पीएचपी ७ आणि ८ वर लागूच होत नाहीत, कारण मॉड्यूलचं नाव बदललं. मग अपलोडची मर्यादा फाइलमध्ये चांगली मोठी लिहिलेली दिसते आणि प्रत्यक्षात लागू असते डिफॉल्टच. जे मॉड्यूल असायलाच हवं त्याच्याभोवतीचं इफ-मॉड्यूल काढून टाका, नसेल तर एरर येऊ दे, ती एरर आपल्या भल्याची आहे.

तिसरं म्हणजे प्रीफोर्क (प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस) आणि मॉड-पीएचपी (पीएचपी अपाचीच्या आतच). या जोडीत प्रत्येक प्रोसेस पीएचपीचं ओझं घेऊन उभी असते, लोगोचं चित्र द्यायचं असलं तरी. शिवाय प्रीफोर्कवर एचटीटीपी २ (पानं आणायची नवी, वेगवान पद्धत) चालत नाही. इव्हेंट एमपीएम (थोड्या प्रोसेसमध्ये पुष्कळ कनेक्शन) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचीच्या बाहेर वेगळं) केलं की मेमरीही वाचते आणि अपाची जड आहे ही जी तक्रार असते तीही बऱ्यापैकी संपते, म्हणून मी म्हणतो की अपाचीला जुना म्हणून नावं ठेवण्याआधी एवढं करून बघा. एक ध्यानात ठेवा, एफपीएमवर गेल्यावर एचटीॲक्सेसमध्ये पीएचपी-व्हॅल्यू अशी उघडी ओळ राहिली असेल तर ती साइट थेट ५०० एरर देते, त्या सेटिंगा युजर-आयएनआय फाइलमध्ये नाहीतर पूलच्या कॉन्फिगमध्ये हलवायच्या.

आणि मग एचटीॲक्सेस. ही सोय होती ज्यांना मुख्य कॉन्फिगला हात लावता येत नाही त्यांच्यासाठी, शेअर्ड होस्टिंगवाल्यांसाठी. ती चालू असली की प्रत्येक रिक्वेस्टला अपाची त्या फाइलच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर तपासतो की इथे एचटीॲक्सेस आहे का. तुमच्या हातात रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) असेल तर तो मजकूर व्हर्च्युअल होस्टमधल्या डिरेक्टरी ब्लॉकमध्ये आणा आणि अलाऊ-ओव्हरराइड (एचटीॲक्सेस वाचायची परवानगी) बंद करा. डिरेक्टरी ब्लॉकमध्येच आणा, कारण तिथे रीराइटचे (पत्ता बदलायचे) नियम बहुतांश जसेच्या तसे चालतात, पण ब्लॉकच्या बाहेर नुसत्या व्हर्च्युअल होस्टमध्ये टाकले तर पत्त्याच्या सुरुवातीचा स्लॅश धरला जातो आणि निम्मे नियम जुळतच नाहीत. वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार साधन) असेल तर त्याचं प्लगइन पुढे एचटीॲक्सेसमध्ये लिहीत राहील आणि ते लागू होणार नाही, हे सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, किंवा तेवढ्या एका साइटला ती सोय चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

इथे मराठी साइटवाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी इंग्रजी साइटवाल्यांना कधी भेटतच नाही. देवनागरी पत्ते. जुन्या अंकांच्या पानांचे पत्ते देवनागरीत असतील आणि त्यांना रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणं) लिहायचं असेल तर पत्ता टक्क्यांच्या भाषेत येतो, म्हणजे प्रत्येक अक्षराचे % लावलेले तुकडे होतात, आणि 'क' हे अक्षर लिहिताना त्याचा तिसरा तुकडा येतो टक्का-नऊ-पाच. आता अपाचीच्या रीराइटमध्ये टक्का आणि लगेच आकडा म्हणजे वरच्या अटीतला पकडलेला तुकडा आण असा अर्थ होतो. मग तो तुकडा रिकामा होतो आणि पत्त्यातला क फुटतो. प्रत्येक टक्क्याआधी उलटा स्लॅश द्यायचा आणि शेवटी एन-ई फ्लॅग लावायचा, नाहीतर अपाची टक्क्यालाच परत एन्कोड करून टक्का-दोन-पाच करून ठेवतो. एंजिनएक्समध्ये हे तुलनेनं सोपं आहे, लोकेशनची (पत्त्यानुसार नियम लिहायच्या ब्लॉकची) तुलना उलगडलेल्या पत्त्याशी होते त्यामुळे फाइलमध्ये सरळ देवनागरी लिहिता येतं, फक्त जिथे पाठवायचं तो पत्ता मात्र टक्क्यांतच द्यावा लागतो.

पर्याय दुसरा: एंजिनएक्सवर जाणं

इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये हा जगापुढे ठेवला, एका मशीनवर हजारो कनेक्शन एकदम सांभाळायची म्हणून, आणि त्या कामात तो आजही उत्तम आहे. मंडळाचे जाडजूड पीडीएफ गावाकडच्या हळू नेटवर लोक उतरवून घेतात तेव्हा शे-दोनशे कनेक्शन नुसती उघडी राहतात, एंजिनएक्सला त्याचं काहीच वाटत नाही. कॉन्फिग वाचायला सुटसुटीत, सगळी एका जागी, आणि नवीन पोरांना आजकाल अपाचीपेक्षा हाच जास्त येतो. हे सगळं खरं आहे.

पण वारशातल्या कॉन्फिगच्या बाबतीत एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती परत परत सांगावीशी वाटते. एंजिनएक्स एचटीॲक्सेस वाचत नाही. एरर देत नाही, लॉगमध्ये लिहीत नाही, ती फाइल त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. पर्मालिंकचे (पानांच्या वाचता येणाऱ्या पत्त्यांचे) नियम गेले तर पानं लगेच ४०४ देतात, ते दिसतं आणि तुम्ही दुरुस्त करता. पण फॉर्ममधून आलेल्या आधार कार्डांच्या फोल्डरमध्ये कुणीतरी एक एचटीॲक्सेस टाकून दार लावलेलं असतं, ते दार सर्व्हर बदलल्याच्या क्षणी उघडं पडतं आणि साइट छान चालत राहते. कुणाला कळतच नाही. म्हणून आधी त्या फाइली शोधून कॉपी करा म्हटलं. जाण्याआधी प्रत्येक एचटीॲक्सेसपुढे लिहा की हिचं काम नव्या कॉन्फिगमध्ये कुठे झालं, आणि जिथे मनाई होती तिथे बाहेरून मुद्दाम जाऊन ४०३ (मनाई) येतो का हे बघा. कॅडीलाही हेच सगळं लागू, तोही ती फाइल वाचत नाही.

बाकीचे खाचखळगे पटापट सांगतो. लोकेशन वरून खाली वाचले जात नाहीत, आधी सगळ्यात लांब जुळणारा साधा पत्ता शोधला जातो पण रेगेक्स (नमुन्यानं जुळवणारा नियम) जुळला तर तोच जिंकतो. म्हणजे अपलोड्स फोल्डरला साध्या लोकेशनमध्ये मनाई लिहिली तरी त्यातली पीएचपी फाइल पीएचपीवाल्या रेगेक्सकडे जाते आणि चालते. तिथे टोपी आणि टिल्डे (^~), ही जोडी लावायची, म्हणजे रेगेक्सकडे बघितलंच जात नाही. ॲड-हेडर (हेडर म्हणजे पानाबरोबर ब्राउझरला जाणारी सूचना) आतल्या ब्लॉकमध्ये एकदा जरी लिहिला तर बाहेरचे सगळे हेडर त्या ब्लॉकपुरते गळून पडतात, सिक्युरिटीचे हेडर असेच गायब होतात. एलियस (पत्त्याला दुसरा फोल्डर जोडणं) लिहिताना लोकेशनच्या शेवटी स्लॅश नाही आणि एलियसच्या शेवटी आहे असं झालं तर बाहेरचा माणूस एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये डोकावू शकतो. अपलोडची मर्यादा डिफॉल्ट फक्त १ एमबी आहे, स्कॅन केलेली मार्कशीट टाकली की ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. आणि डेबियन-उबुंटूवर साइट्स-एनेबल्ड फोल्डरमधलं एंजिनएक्स सगळं उचलतो, शेवटी डॉट बॅक किंवा डॉट ओल्ड लावलेलं पण, तर अपाची तिथे फक्त डॉट कॉन्फ उचलतो. त्यामुळे अपाचीची सवय असलेला माणूस तिथेच बॅकअप ठेवतो आणि मग एकाच नावाचे दोन सर्व्हर भांडायला लागतात. बॅकअप गिटमध्ये, त्या फोल्डरमध्ये नाही.

मधला मार्ग, पुढे एंजिनएक्स आणि मागे अपाची, हाही बरेच जण सुचवतात. एचटीॲक्सेस चालू राहतात आणि पुढे हलका सर्व्हर येतो, ऐकायला बरं वाटतं. मला तो वारशातल्या कामासाठी पटत नाही. एक न समजणारी कॉन्फिग होती, आता दोन होतात. अपाचीच्या लॉगमध्ये सगळे पाहुणे १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेले दिसतात, त्यासाठी रिमोट-आयपी मॉड्यूल लावा, मग वर्डप्रेसला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत म्हणून तो एचटीटीपीएसकडे पाठवत बसतो आणि पान गोल गोल फिरतं, त्यासाठी फॉरवर्डेड-प्रोटो हेडर लावा. तात्पुरता पूल म्हणून काही महिने ठीक आहे, म्हणजे एकेक साइट मागून पुढे आणायची आणि शेवटी अपाची बंद करायचा. कायमचं घर म्हणून नको.

पर्याय तिसरा: कॅडी

कॅडी मॅट होल्ट यांनी २०१५ मध्ये आणला आणि मे २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीच्या काळातले धडे दुसऱ्यावर चालत नाहीत, शोधताना तारीख बघा. याचं खरं सुख एकच पण मोठं आहे. डोमेनचं नाव लिहिलं, डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी नोंद) या मशीनकडे वळलेलं आहे, ८० आणि ४४३ पोर्ट उघडे आहेत, एवढं असलं की सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं साइटचं ओळखपत्र) तो स्वतः आणतो आणि स्वतः नूतनीकरण करतो. साधी पीएचपी साइट खरोखर पाच-सहा ओळींत बसते.

सर्टिफिकेटचा मुद्दा येत्या काळात फार वजनदार होणार आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. सीए-ब्राउझर फोरमनं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांचा गट) एप्रिल २०२५ मध्ये ठरवलंय की सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे वर्षातून एकदा विकत घेऊन हातानं चिकटवायची जी पद्धत आपल्याकडे अजून बऱ्याच ऑफिसांत चालते ती टिकणार नाही. लेट्स एन्क्रिप्टनं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) मुदत संपत आल्याचे मेल पाठवणंही जून २०२५ मध्ये बंद केलं. ऑटोमेशन हवंच. पण त्यासाठी कॅडीच हवा असं नाही, अपाची आणि एंजिनएक्सबरोबर सर्टबॉट (सर्टिफिकेट आणून नूतनीकरण करणारा प्रोग्रॅम) चांगला चालतो, आणि अपाचीत तर मॉड-एमडी नावाचं मॉड्यूल आहे जे हेच काम आतून करतं. फरक इतकाच की कॅडीत ते विसरता येत नाही, बाकी दोघांत कुणीतरी नीट बसवावं लागतं. आणि साफसफाई करताना उत्साहानं डॉटनं सुरू होणारे सगळे फोल्डर बंद करणारा नियम घातला तर वेल-नोन फोल्डरही बंद होतो, ज्यातून नूतनीकरणाची खात्री होते, आणि हे त्या दिवशी कळत नाही, दोन-तीन महिन्यांनी साइटवर लाल पाटी आली की कळतं. सर्टबॉटचा ड्राय-रन (नुसती तालीम) साफसफाईनंतर लगेच चालवा.

डॉटवाले बाकी फोल्डर मात्र बंद करायचेच. गिटचा फोल्डर आणि डॉट-ईएनव्ही फाइल (पासवर्ड वगैरे ठेवतात ती) तिन्ही सर्व्हर डिफॉल्टमध्ये वाढून देतात, अपाची फक्त डॉट-एचटीनं सुरू होणाऱ्या फाइली झाकतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून स्वतः बघा.

कॅडीच्या दोन सवयी माहीत असू द्या. एक, कॅडीफाइलमधल्या ओळी तुम्ही लिहिल्या त्या क्रमानं चालत नाहीत, त्याचा स्वतःचा ठरलेला क्रम आहे, आपला क्रम हवा असेल तर राउट ब्लॉकमध्ये लिहायचं. जुने रीराइट एकामागून एक आणून टाकणाऱ्याला हे कोड्यात टाकतं. दोन, ॲक्सेस लॉग आपणहून चालू नसतो, लॉगची ओळ घालावी लागते, आणि वर सांगितलेली यादी जुळवायची तर लॉग पाहिजेच. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, सर्टिफिकेटचे प्रयोग करताना लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग (सरावाचा) पत्ता वापरा, खऱ्यावर त्याच नावांच्या संचासाठी आठवड्याला ५ ची मर्यादा आहे.

आणि माणसांचं काय? इंदूरला अपाची जाणणारा माणूस कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानाशी विचारलं तरी दोन फोनांत सापडतो, एंजिनएक्सवाला विजय नगरच्या आयटी कंपन्यांत भरपूर, कॅडीवाला अजून शोधावा लागतो. फाइल छोटी असल्यामुळे नवीन माणूस अर्ध्या दिवसात शिकेल हेही खरं, पण ज्या संस्थेत सेक्रेटरी काका स्वतः होस्टिंगचं बिल भरतात आणि अडलं की भाच्याला बोलावतात तिथे त्या भाच्याला काय येतं ते विचारून मग ठरवा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. जो सांभाळणार त्याच्या हाताला जे बसतं ते चांगलं.

त्याच मशीनवर की नव्या?

ओएसची मुदत बघितली की उत्तर मिळतं. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये. असं काही असेल तर नवं मशीन घ्यावंच लागेल, आणि तिथेही आधी तोच सर्व्हर, तीच साफ केलेली कॉन्फिग न्या, मग जमलं की सर्व्हर बदला. ओएस चांगलं असेल तर जागच्या जागी साफसफाई करा, एका वेळी एक साइट, प्रत्येक बदलाला एक कमिट (गिटमधली नोंद) आणि कमिटमध्ये कारण लिहा. रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडला नवी कॉन्फिग चुकीची निघाली तर तिन्ही सर्व्हर सहसा जुनी चालू ठेवतात. रीस्टार्टला चुकीची निघाली तर सगळंच बंद.

नव्या मशीनवर जाताना डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) दोन-तीन दिवस आधी कमी करा, आणि डीएनएस हलवायच्या आधी कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायानं जुन्या नावानं नव्या मशीनला विचारा, ती यादी पूर्ण चालवा. रीडायरेक्ट आधी ३०२ (तात्पुरता) ठेवा, खात्री झाली की ३०१ (कायमचा) करा, कारण ३०१ ब्राउझर मनात धरून बसतात. एचएसटीएसचा हेडर (साइट फक्त एचटीटीपीएसनंच उघड असं ब्राउझरला सांगणारा) आधीपासून असेल तर त्यातला आकडा वाचा, ३१५३६००० म्हणजे एक वर्ष, आणि सबडोमेनसकट लावलेला असेल तर टेस्टसाठी ठेवलेलं साधं एचटीटीपीचं सबडोमेनही लोकांच्या ब्राउझरमध्ये उघडणार नाही, तिथे सर्टिफिकेट पाहिजेच.

दिवस कुठला निवडायचा यालाही विचार लागतो. नमकीनवाल्याचं काम दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नाही, मंडळाचं गणपतीत नाही, कोचिंगचं रिझल्टच्या आठवड्यात नाही. आणि रंगपंचमीला तर मुळीच नाही, गेर (रंगांची मिरवणूक) निघते, सगळं शहर राजवाड्यावर, काही अडलं तर ना मालक फोन उचलणार ना होस्टिंगचा इथला माणूस.

मग कुणी काय घ्यावं

दोन-चार वर्डप्रेस, भरपूर एचटीॲक्सेस, आणि तुमच्यानंतर कोण येणार ते ठाऊक नाही, तर अपाचीच ठेवा. इव्हेंट, एफपीएम, रिक्वायर, सर्टबॉट, एवढं झालं की ती साइट पुढची कित्येक वर्षं निवांत चालेल. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी हेच सांगतो आणि त्यांना ते थोडं फिकं वाटतं, पण इलाज नाही, खरं तेच आहे.

मोठ्या फाइली, खूप लोक एकदम, किंवा मागे नोड-पायथनचे ॲप चालतात आणि पुढे प्रॉक्सीच (मागण्या मागच्या ॲपकडे पोचवणारा सर्व्हर) हवी, आणि ऑफिसात निदान एक माणूस असा आहे ज्याला लोकेशनचे नियम समजतात, तर एंजिनएक्सवर जा, पण अपाची साफ झाल्यावर, आणि एचटीॲक्सेसचा हिशोब कागदावर पूर्ण झाल्यावर.

नुसती स्थिर पानं, नाहीतर एखादंच ॲप, जुने नियम जवळजवळ शून्य, आणि सर्टिफिकेटकडे बघायला कुणाला वेळ नाही, तर कॅडी घ्या, बिनधास्त. मंडळाच्या दिवाळी अंकांच्या संग्रहाला, जिथे फक्त पीडीएफ आणि एक अनुक्रमणिका आहे, मी आज कॅडीच देईन, जुन्या देवनागरी पत्त्यांचे रीडायरेक्ट मोजके असतील तर.

आणि यातलं काहीही सुरू करायच्या आधी डोमेनचं लॉगिन कुणाच्या ईमेलवर आहे ते विचारा. ते जर त्या पुण्याला गेलेल्या मुलाच्या जुन्या कॉलेजच्या ईमेलवर असेल तर आजच त्याला प्रेमानं फोन करा आणि संस्थेच्या ईमेलवर बदलून घ्या, सर्व्हरचं मग बघू.